मले करमत नाही

"करमत नाही? मग सिनेमाची गाडी मागवू का तुझ्यासाठी?"

डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या आणि शाळेच्या ओसरीत बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. शेजारच्या खुर्चीवरची पाटलीण सगळ्यात मोठ्यानं. मी मांडीवरच्या तान्ह्या पोराकडे बघत बसले.

महाराष्ट्र नवा झाला होता. आमच्या गावी, उंद्रीला, बाळंतिणींच्या तपासणीसाठी सरकारी गाडी यायची. बाई पुण्याकडच्या. दूध येतं का, ताप येतो का, एवढं विचारून झालं आणि सहज म्हणाल्या, बाकी काही त्रास? मी भोळी, मला ते खरं वाटलं. झोप उडाली होती. पोराला जवळ घेतलं तरी माया येत नव्हती. विहिरीवर गेले की खाली पाण्याकडेच बघत राहायचे. या सगळ्याला आमच्याकडे एकच बोलणं, तेच बोलले: मले करमत नाही. बाईंना त्यात करमणूक ऐकू आली.

घरी सासू दबक्या आवाजात म्हणाली, "असं बोलशीन त पागलखान्यात टाकतीन. पोरगं काढून घेतीन."

सरकारवर भरवसा नव्हता, सासूवरही नव्हता. मी तोंड शिवलं. कशी जगले, माझं मला ठाऊक.

पुढच्या साली धाकटी जाऊ बाळंतीण झाली. पोर रडायचं आणि ही भिंतीकडे तोंड करून पडायची. मी ओळखलं. गाडी आली. बाईंनी माझ्याकडे बघत तिला विचारलं, "तुला तरी करमतं ना?" पाटलीण आधीच तोंडाला पदर लावून बसलेली. जाऊ घाबरून म्हणाली, "हाव."

माझं डोकं फिरलं. मी उठले.

"खोटं बोलून राह्यली ते. करमत नाही म्हंजे जगावं वाटत नाही, बाई. समजत नसन त पुन्हा इचारा. हसाचं असन त इचारूच नका."

बाई पाटलिणीला म्हणाल्या, ही बरी आहे ना डोक्यानं? आणि पुढचीला बोलावलं. जावेला मी हाताला धरून घरी आणलं. तिचं दुखणं मी तिला न विचारता चारचौघींत बोलले, हे वाटेत उमगलं.

आता मी म्हातारी झाले. सरकार म्हणे बाळंतिणींना मनाचं विचारायला बाया पाठवणार आहे. येऊ देत. त्यांच्याआधी बाळंतिणीच्या घरी मी जाणार. तिच्या सासूला बाहेर काढून दाराला कडी लावणार आणि तिला विचारणार. ती काय बोलली ते कुणाला सांगायचं, हे तीच ठरवेल. सरकार नाही, सासू नाही, मीसुद्धा नाही.