आफ्रिकेतला मोठा भाऊ

युद्धात आफ्रिकेचे डोंगर पाहून आलेले आमचे शेजारी जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात, लोहारकामाच्या शॉपमध्ये, घण मारत. रविवारी ते आम्हा गल्लीतल्या पोरांना मदन महालच्या टेकडीवर पक्षी दाखवायला नेत. कुठलाही पक्षी दिसला की म्हणत, “आफ्रिकेत याचा मोठा भाऊ आहे.”

घणांच्या आवाजाने हळूहळू त्यांचे कान गेले. एका रविवारी पक्षी अगदी डोक्यावर बोलत होता आणि ते भलतीकडेच पाहत होते. आमचे चेहरे पाहून त्यांना कळलं. दगडावर बसत म्हणाले, “ऐकूच नाही येऊन राहिलं, तर काय दाखवू? आता तुम्हीच येत जा.”

मी त्यांच्या मनगटावर बोटाने त्या पक्ष्याच्या आवाजाचे ठोके दिले. टुक, टुक, टुक.

“तांबट!” ते हसले. “अरे, हा तर आमच्याच शॉपमधला! चलो.”

आणि आमच्यापुढे टेकडी चढू लागले.