दस्तीखालचा अंगठा

हे माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला नाही, आणि ज्याला कळायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तुम्हाला गाडी घ्यायची आहे. तीही साधीसुधी नाही. परदेशी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली, आणि जुनी. आयुष्यातली पहिली. बरोबर ना? मग बसा. सल्ला देणं हाच माझा धंदा आहे.

पाटोद्यात माझं जुन्या गाड्यांचं आवार आहे. जीप, पिकअप, एखादी बरी कार. लोक मला गाडी बघायला सोबत नेतात, जसे माझ्या वडिलांना बैल बघायला न्यायचे. वडील बाजारात तोंड उघडायचे नाहीत. जनावराकडे बघायचे, मालकाचं ऐकायचे नाहीत. मग ज्याच्यासाठी आले त्याचा हात उपरण्याखाली धरायचे. बैलबाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली, बोटांनी, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. वडिलांनी त्यात आपली एक भर घातली होती. जनावर चांगलं असेल तर अंगठा दाबायचा, खोट असेल तर करंगळी. करंगळी दाबली की माणूस उठायचा, कपडे झटकायचा आणि चालायला लागायचा.

तर ऐका. गाडी थंड असताना चालू करून बघा. तुम्ही जायच्या आधीच कुणी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न कळवता जा. चमक बघू नका, चमक विकत मिळते. आत शिरल्या शिरल्या अत्तराचा घमघमाट आला तर समजा, कसला तरी वास झाकलाय. खालचा गालिचा उचला, सीटच्या बोल्टांना गंज आहे का बघा. हिला हात लावणारा कारागीर तुमच्या गावापासून किती लांब आहे ते आधी विचारा, किंमत नंतर. आणि सीटबेल्ट — सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. अगदी थांबेपर्यंत. विकणारे सगळी गाडी धुतात, पण आत गुंडाळलेला तो शेवटचा तुकडा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तिथं मातकट डाग दिसला तर गाडी पाण्यात बुडून आलेली आहे. मग बोलायचं काही उरत नाही. उठायचं आणि घरी यायचं.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तेच तर सांगायचंय — पण बघा, मी अजून सीटबेल्टाशीच घोटाळतोय.

मन्मथ माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यांचं पाटोद्यात सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, मग थोरल्या भावाचं, आणि मन्मथ गल्ल्यावर बसून मान हलवणारा. स्वभावानं इतका मऊ की गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की ह्याचाच चेहरा पडायचा. आम्ही शाळेत असताना बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये एका पिवळ्या गाडीचं चित्र लावलेलं होतं. दारं वर उघडणारी गाडी. ते चित्र मन्मथला मी दाखवलं. नाव वाचून दाखवलं तेही मी — त्याला ते उच्चारताही येईना. पुढं आम्ही दोघंही गरज नसताना केस कापायला जायचो.

हे का सांगतोय? कारण माझ्या मनात ती गाडी माझी होती. आधी माझी. हसू येतंय ना? येऊ द्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मनात सलूनमधलं चित्र कुणाच्या मालकीचं ह्याचा हिशेब असतो, हे मलाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी भावाभावांत वाटण्या झाल्या आणि मन्मथच्या वाट्याला दुकानासकट बरंच आलं. तो एक दिवस माझ्या आवारात आला, दार लावून घेतलं आणि मोबाईल पुढे धरला. पुण्यातल्या एका दलालाकडे तशी गाडी विकायला होती. पिवळीच. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी म्हणालो, बघू या की.

पुण्याला जाताना नगरच्या अलीकडे चहाला थांबलो. तिथं तो म्हणाला, “आजवर समदं भावाच्या मनानं केलं बे. कापड घ्यायचं तरी त्याला इचारून. ही पयलीच गोष्ट म्या माझ्या मनानं करतोय. पर गाडीतलं मला काय कळतंय? तुझे डोळे, माझं मन.” मग त्यालाच माझ्या वडिलांची ती रीत आठवली. विकणारा जवळून हलत नाही आणि ह्याच्या तोंडावर सगळं दिसतं, म्हणून ठरलं — दस्तीखाली हात धरायचा. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. अंगठा दाबला तर घ्यायची. करंगळी दाबली तर चहा पिऊन उठायचं.

गाडी बघितली. काय सांगू तुम्हाला? ती तशीच होती. मन्मथ तिच्याभोवती फिरत होता, हात मागे बांधून, देवळात फिरतात तसा. मी आत बसलो. अत्तराचा वास होता. गालिचा नवा कोरा होता, बाकी गाडी जुनी. सीटबेल्ट ओढला. ओढत गेलो. शेवटी डाग होता — पिवळट, मातीचा, सरळ रेघेत.

मी बेल्ट सोडून दिला. तो सरसर आत गेला.

आता इथं मी स्वतःला बरीच वर्षं एक गोष्ट सांगत आलोय. त्याच सुमारास त्या विक्रेत्यानं मला विचारलं होतं, तुम्हीही एक चक्कर मारणार का, आणि मन्मथ हसून म्हणाला होता, “त्याला कशापायी बसवता, तो जीपवाला माणूस हाय.” तर म्हणे त्यानं मला लागलं. लागलं, हे खरं. पण ते कारण नव्हे. डाग मी त्याआधी बघितला होता आणि माझं ठरलंही त्याआधीच होतं. आणखी एक गोष्ट सांगायचो — त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडवेना. ही तर शुद्ध थाप. त्याचा आनंदच मला बघवत नव्हता.

मग तुम्ही म्हणाल, त्याला गाडी मिळू नये असं वाटत होतं तर करंगळी दाबायची होती. खरं ते सांगितलं असतं तरी काम आपोआप झालं असतं. नाही — ते मी त्या मिनिटभरात पुरतं जोखलं होतं. करंगळी दाबली असती तर तो घरी आला असता आणि त्यानं दुसरी शोधली असती. चांगली शोधली असती, माझ्याच मदतीनं. आणि ती वर्षानुवर्षं माझ्या दारावरून गेली असती. मला ती त्याला मिळायला हवी होती, आणि मिळून नासायला हवी होती. कळतंय ना, मी काय म्हणतोय? एवढं स्पष्ट मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो.

सोफ्यावर बसलो. त्यानं मांडीवर दस्ती पसरली, मी खाली हात घातला. त्याचा हात घामानं ओला होता. मी अंगठा दाबला.

गाडी पाटोद्यात आली तेव्हा नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. मन्मथच्या घराआधीच्या गतिरोधकावर तिचं पोट अडकलं आणि आम्ही पाच-सहा जणांनी उचलून पलीकडे ठेवली. सगळे हसत होते, मन्मथ सगळ्यात जास्त. त्याची पोरगी शिवानी, तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, ती बापाकडे अशी बघत होती की मी नजर दुसरीकडे वळवली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी काचा आपोआप खाली जायला लागल्या. मग दिवे. मग एका आठवडी बाजारात, भर गर्दीत, हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना. मन्मथ आत बसून सगळी बटणं दाबतोय, बाहेर माणसं जमलीत, कुणी टाळ्या वाजवतंय. त्यानंतर ती चालू झालीच नाही. ट्रकवर घालून पुण्याला नेली. तिथल्या कारागिरानं सांगितलं, सीटपर्यंत पाणी गेलेलं आहे, दुरुस्तीत पडू नका. विकणाऱ्यानं हात वर केले — बघून घेतली, सही केलीत. थोरला भाऊ दुकानात चार माणसांत म्हणाला, “एकदा मनानं केलं आन् बघा.”

मन्मथ माझ्याकडे येणार हे मला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं — मी करंगळी दाबली होती, तुला कळलं नाही. दस्तीखाली काय झालं हे तिसऱ्या कुणाला थोडंच माहीत होतं? खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती.

त्याची गरजच पडली नाही. तो आला, समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “तू करंगळीच दाबली आसशील बे. माझ्याच डोस्क्यात गाडी बसलती, मला अंगठाच वाटला. तुझा सल्ला म्या मातीत घातला. माफ कर.”

त्यानं माझी माफी मागितली. आणि मी — हेच ते, इथवर यायला मला इतकं फिरावं लागलं — मी त्याला माफ केलं. म्हणालो, “जाऊ दे रे, व्हतं आसं.” वर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अंगठा दाबला तो एका क्षणाचा हलकटपणा होता, असं कदाचित कुणी म्हणेलही. पण हे? हे मी रोज केलं. तो ज्याला त्याला सांगत सुटला — ह्यानं मला नको म्हणून सांगितलंतं, मीच ऐकलं न्हाई. त्यामुळे माझं नाव झालं. पार शिरूर कासारपासून लोक यायला लागले, म्हणायचे, मन्मथनं तुमचं ऐकलं नाही म्हणून फसला, आम्ही ऐकणार. मी मान डोलवायचो. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि लोक कुंपणाला हळदकुंकू वाहत होते.

गाडी गेली ते गेलं. भंगारात दिली. पण मन्मथचा त्या दिवसापासून स्वतःवरचा विश्वासच उडाला. इतकी वर्षं बोटांनी लोखंडाची जाडी ओळखणारा माणूस, आता सळई हातात घेतो आणि नोकराला विचारतो, किती एमेम आहे बघ. लग्नाला जाताना कुठला शर्ट घालू, बायकोला विचारतो. त्याला वाटतं आपला हातच आपल्याला खोटं सांगतो. त्याचा हात खरा होता. हे जगात फक्त मला माहीत आहे. आणि सांगायचं कसं? पहिल्या महिन्यात सांगता आलं असतं, शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. वर्षानं अवघड झालं. आता तर जीभच उचलत नाही. मी अनेकदा त्याच्या दुकानापर्यंत गेलोय. खिळे घेऊन परत आलोय. घरात इतके खिळे आहेत की बायको विचारते, बांधकाम काढलंय का.

मागच्या आठवड्यात शिवानीला स्थळ आलं, धर्मापुरीकडचं. मुलगा बघायला मन्मथ मला घेऊन गेला. मुलगा सरळ आहे, निर्व्यसनी, स्वतःचं औषधांचं दुकान. शिवानीचं आणि त्याचं फोनवर बोलणं झालेलं होतं आणि तिला तो पसंत होता, हे तिच्या तोंडावरून कुणालाही दिसलं असतं. मन्मथलाही आवडला होता. परत येताना गाडीत तो दोनदा आपणहून हसला. पण घरी येऊन बसल्यावर म्हणाला, “तू सांग. देऊ का न्हाई?”

मी म्हणालो, “तुझं मन काय म्हणतंय?”

“माझ्या मनाला इचारू नगं. ते कसं फसवतं, गाडीच्या टायमाला बघितलंय की आपण. तू न्हाई म्हण, आत्ता फोन करून मोडतो.”

शिवानी आतल्या दाराशी उभी होती, मागे तिची आई. तिनं ते ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं, बापाकडे नाही. मला वाटलं, आता. आता सांग, मन्मथ, तुझं मन तेव्हाही फसलं नव्हतं. मी तोंड उघडलंसुद्धा. त्या पोरीसमोर, तिच्या आईसमोर, फक्त दोन वाक्यं होती.

मी म्हणालो, “पोरगा चांगला हाय. दे.”

हे खरं होतं. मन्मथनं सुटकेचा श्वास सोडला आणि आत ओरडून सांगितलं, होकार कळवा. मग त्यानं शिवानीला बाहेर बोलावलं आणि पाया पडायला सांगितलं — आधी माझ्या, मग त्याच्या स्वतःच्या. ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.