पाणी बसूनच प्यायचं

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावचे आमचे गुरुनाथकाका जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झाले आणि घरी थांबेनासे झाले. पूर्वी पाहुण्यांना नायगारा दाखवणारा हा माणूस आता फक्त पळायला प्रवास करतो. विमान, हॉटेल, भाड्याची गाडी, सगळं कशासाठी? तर परक्या राज्यात घाम गाळण्यासाठी!

तीन राज्यांत तीन हाफ मॅरेथॉन झाल्या, मेडल एकही नाही. कारण काका उभ्याने पाणी पीत नाहीत. त्याने गुडघे जातात, असं त्यांची आई सांगायची. तेरा मैल पळून गुडघ्यांना काही होत नाही, पण उभ्याने पाणी? शिव शिव! पाण्याचं टेबल आलं की काका स्वयंसेवकाची खुर्ची मागून घेतात, दोन ग्लास घोट घोट पितात आणि वर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतात. तेवढ्यात चार तासांची मुदत संपते आणि मागून येणारी व्हॅन त्यांना उचलून आणते.

या एप्रिलमध्ये युटाच्या लाल डोंगरांत चौथी होती. "या वेळी मेडल नाही मिळालं तर बूट दान करून टाकीन," असं काकांनी जाहीर केलं होतं. म्हणून शुभाकाकूंनीही नाव नोंदवलं, नवऱ्याला हाकायला.

"बाबा, जस्ट ड्रिंक अँड रन!" मुलाने, मिहीरने, फोनवर बजावलं.

"चाळिशीत तुझे गुडघे बोलतील हं," काका म्हणाले.

पाच टेबलांवर काका बसले आणि पाचही वेळा काकूंनी दंडाला धरून उठवलं. शेवटच्या टेबलापाशी एक मैल उरला होता, मिनिटं सोळा, आणि मागच्या वळणावर व्हॅन दिसू लागली होती. काका खुर्चीत टेकले.

"अहो, उठा!"

"दोनच घोट गं."

"बसा मग. मी माझं मेडल घेऊन येते." आणि काकू खरंच निघाल्या.

चाळीस वर्षांच्या संसारात बायको कधी पुढे गेली नव्हती, निदान काकांच्या समजुतीप्रमाणे. भरलेला ग्लास तसाच टाकून ते सुटले. "अगं थांब! शुभा, थांब!" कडेच्या लोकांना वाटलं, ही काहीतरी घोषणा असावी. तेही टाळ्या वाजवत "शुभा थांब!" ओरडू लागले. काकू अधिकच जोरात पळाल्या.

मुदतीला चाळीस सेकंद उरले असताना काकांनी रेषा ओलांडली. गळ्यात मेडल पडलं.

हॉटेलवर पोचताच त्यांनी मिहीरला फोन लावला. "दोघांनी पूर्ण केली रे! तुझी आई जरा पुढे होती, इतकंच."

"तीन मिनिटं," मागून आवाज आला.