हॅलो आत्याचा तुंबलेला इनबॉक्स

सगळी इमारत तिला हॅलो आत्या म्हणते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. कानाला हेडफोन, समोर फोन आला की लुकलुकणाऱ्या दिव्यांचा बोर्ड. लागलेला दिवा तिने कधी तसाच लुकलुकत ठेवला नाही. राँग नंबरवाल्यालासुद्धा ती इतक्या गोडीने वाटेला लावायची की तोच आभार मानून फोन ठेवायचा. पुढे तो बोर्ड भंगारात गेला, आत्या निवृत्त झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. ती ईमेलमध्ये येऊन बसली.

म्हणजे कोणाचाही मेल येवो, आत्या उत्तर द्यायचीच. गुडघ्याचं तेल विकणाऱ्याला तिने कळवलं की तेल उत्तमच असणार, पण माझे गुडघे तूर्त बरे आहेत. लॉटरी लागल्याचं कळवणाऱ्याला लिहिलं की मी तिकीटच काढलेलं नाही, तेव्हा खरा मालक शोधा, बिचारा वाट बघत असेल. एवढं लिहिलंय माणसाने, त्याला हूं की चूं नाही करायचं, हे बरं दिसतं का, असा तिचा सवाल. आणि उत्तर गेलं की पलीकडच्यांना कळायचं, या घरात कोणीतरी जागं आहे. मग एका तेलवाल्याच्या पाठोपाठ दहा तेलवाले दारात उभे!

एरवी घरचे सगळे याची गंमत करायचे. या शुक्रवारी मात्र गंमत अंगाशी आली. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारं एक ग्रंथालय होतं. त्यांना आवाज हवे होते. आत्याने फोनवर दोन पानं वाचून पाठवली होती. निवड झाली तर शुक्रवारी मेल येणार होता, आणि संध्याकाळी ग्रंथालय बंद होण्याआधी होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला. नोकरी सुटल्यापासून तिच्या आवाजाला काम असं नव्हतंच. भाजीवाल्याशी आणि लिफ्टवाल्याशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

दुपारी तिने कॉम्प्युटर उघडला तर वर लाल पट्टी. जागा संपत आली आहे, थोड्याच वेळात नवे मेल येणं बंद होईल. आत्याने थेट भाचीला फोन लावला. भाची ऑफिसात दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरचे असेच घोळ निस्तरायची. सुट्टी होती म्हणून ती तशीच ओल्या केसांनी वरच्या मजल्यावरून खाली धावत आली आणि इनबॉक्स बघून तिने कपाळाला हात लावला.

"आत्या, तू चोरांना दार उघडून चहा विचारतेस गं!"

मग दोघी पदर खोचून, बाह्या सरसावून बसल्या. ज्या दुकानातून आत्याने खरोखर काही घेतलं होतं, त्यांच्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात 'सदस्यत्व रद्द करा' असतं, ते भाचीने दाखवलं. अनोळखी लोकांच्या मेलमध्ये मात्र कशालाही हात लावायचा नाही, उत्तर तर मुळीच नाही, सरळ स्पॅममध्ये ढकलायचे. आणि 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' असं कोणी म्हणालं की समजायचं, हा लबाड.

आधी आत्याचा हात अडखळत होता. मग तिला सूर सापडला. पाठवणाऱ्याचं नाव शोधायचं, त्याचे सगळे जुने मेल एकदम निवडायचे, आणि कायमचे फुर्र. तेलवाले गेले, कर्जवाले गेले, घरबसल्या सडपातळ करणारे गेले. बोर्डावर गर्दीच्या वेळी चालायची तशी तिची बोटं चालायला लागली. नवा मेल आला की पडायच्या आत झेलायचा आणि स्पॅममध्ये फेकायचा. भाची हसून हसून लोळायची बाकी होती. लाल पट्टी गेली, पडदा आरशासारखा लख्ख झाला.

पण ग्रंथालयाचा मेल काही येईना. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं. आत्याचा चेहरा उतरायला लागला. भाची तिला समजावत राहिली, आणि हाताला काहीतरी काम म्हणून स्पॅमचा डबाही एकदाचा रिकामा करून टाकू म्हणाली. तिचं बोट बटणावर टेकणार, तोच आत्याने तिचं मनगट धरलं.

एक्स्चेंजमध्ये लाइन तोडण्याआधी त्या लाइनवर आत जाऊन बोलणाऱ्यांना विचारायचं असे, बोलणं झालं का? न विचारता तोडली तर कोणाच्या घरची महत्त्वाची बातमी अर्धी राहील, याचा नेम नसे. हे इतक्या वर्षांत तिच्या हाडीमाशी भिनलं होतं.

"थांब. एकदा आत डोकावू दे."

दोघी वरून खाली वाचत गेल्या. तेल, कर्ज, तेल, आणि मध्येच एका अनोळखी बाईंचं नाव. पुढे विषय: अभिनंदन, आपली निवड झाली आहे.

भाचीने उघडला. त्या बाई ग्रंथालयाच्या रेकॉर्डिंग विभागाच्या प्रमुख होत्या. लिहिलं होतं, तुमचा आवाज ऐकताना कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. पहिली कादंबरी तुमच्यासाठी ठेवली आहे. आत्याने तो मेल झेलून फेकला होता, तोही स्वतःच्या हाताने.

"माझीच शिकवणी भोवली," भाची पुटपुटली आणि उत्तर लिहायला तिने कीबोर्ड पुढे ओढला. पण आत्याचं लक्ष मेलच्या शेवटी होतं. तिथे फोन नंबर होता. भिंतीवरचं ऊन छताला टेकलं होतं, ग्रंथालय बंद व्हायला आलं असणार. आत्या उठली, पाण्याचे दोन घोट घेतले, खाकरून घसा साफ केला. मग नंबर फिरवला. पलीकडे रिंग गेली, कोणीतरी फोन उचलला.

"हॅलो," आत्या म्हणाली.

पलीकडच्या बाई हसल्या. आता नाव सांगू नका म्हणाल्या, आवाजावरून ओळखलं.