डब्यातल्या चकत्या

“माझं काय, मी थांबेन.”

ताई हे उठताबसता म्हणायची. चहा गार आला तरी तेच, भावजयीने तोंड फिरवलं तरी तेच. ऐकणाऱ्याला वाटे, किती सोशिक बाई! पण ते शब्द ती दातांत सुई धरावी तसे धरून बोलायची.

गॅरेजच्या मागच्या खोलीत ती गाड्यांच्या सीटा शिवायची. गॅरेज वडिलांचं. ते होते तोवर ती शिवणावर नव्हतीच, पत्र्यावर होती. हलक्या ठोक्यांनी सपाट पत्र्याला गोलाई आणावी ती तिनेच. त्या काळी एक बुटकी, लाल, दोन माणसांची शर्यतीची गाडी चेपून आली. तिचे दोन्ही दरवाजे ताईने नव्याने घडवले. लावताना वडील डोळे मिटून उभे राहिले. पोटभर जेवलेल्या माणसाने ओठ मिटावेत तसा दरवाजा मिटला. “जमलं,” एवढंच ते म्हणाले.

वडील गेले आणि धाकट्या भावाने तिच्या हातातली हातोडी काढून घेतली. “पत्र्याला बाईचा हात लागतो कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. तू आपली आत शिवत बस.” पुढे त्या दरवाज्यांची कुणी तारीफ केली की तो तळवे पुढे करून म्हणे, “या हातांची करामत!” त्याच दरवाज्यांवर त्याचं नाव झालं. ताई आतून ऐकायची आणि शिवणयंत्र जोरात चालवायची.

बऱ्याच वर्षांनी तीच लाल गाडी परत आली. मालक आता म्हातारे झाले होते, जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजली होती. बॉडी सोडवून वर उचलायची, चासी रंगवायची, बॉडी पुन्हा खाली बसवायची, असं ठरलं. सीटा काढायला ताईला बाहेर बोलावलं.

बोल्ट सुटू लागले. प्रत्येक बोल्टाखाली, बॉडी आणि चासीच्या मध्ये, पत्र्याच्या पातळ चकत्या होत्या. कुठे एक, कुठे चळत. दरवाज्यांचा सगळा तोल त्यांच्यावर. वडील प्रत्येक जागेच्या चकत्या तारेत ओवून जिथल्या तिथे टांगायचे. भावाने सगळ्या रंगाच्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या.

“शेठ, वेगळ्या ठेवायच्या का?” मिस्त्रीने विचारलं.

“त्या काय सोयऱ्या आहेत, मानपानाने बसवायला?”

सगळे हसले. ताईच्या कवेत सीट होती. तिचं तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. तिने तो गिळला, आणि तो गोड लागला.

चेनपुली करकरली. बॉडी अलगद वर गेली, तशा टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या.

चासी रंगली, बॉडी उतरली, आणि दरवाजे रुसले. एक मागून बाहेर येई, दुसरा खाली घासे. भावाने चकत्या इकडच्या तिकडे केल्या, गुडघा लावला, खांदा लावला. शेवटी कप्तान आले. त्यांनी दरवाजा लोटला. तो आपटून परत आला.

“तुम्हीच घडवलेत ना हे? मग तुमचंच का ऐकत नाहीत?”

भाऊ मागच्या खोलीत आला. “ताई, चल ना जरा.”

“मी? मी शिवणारी बाई. गिऱ्हाईक पळेल की रे.”

“आता कशाला उकरतेस ते! माझी अब्रू जाईल.”

“तुझी कुठली? इतकी वर्षं माझीच तर वापरतोयस.”

“काय हवंय तुला?”

“दरवाजे कुणी घडवले ते सांग. त्यांच्यासमोर.”

ताई पिशवी खांद्याला अडकवून त्याच्यामागे बाहेर आली. तो बुटांकडे बघत पुटपुटला, “हिने.”

“यंत्राच्या आवाजात ऐकू नाही आलं रे,” ताई म्हणाली. यंत्र बंदच होतं.

“हिने घडवले! माझ्या बहिणीने!”

मिस्त्रीचे हात थांबले. कप्तानांनी टोपी काढली. ताईने दरवाज्यावरून तळवा फिरवला. कुठे किती चकत्या, हे तिच्या बोटांना अजून पाठ होतं. भावाने लगबगीने हातोडी आणून, दांडा तिच्याकडे करून पुढे धरली.

तिने ती घेतली. पुसली. पिशवीत घातली.

“ही बाबांची,” ती म्हणाली. “आता बसव तू. माझं थांबून झालं. आता तू थांब.”

आणि ती फाटकातून निघाली, पाठ ताठ, पिशवी खांद्याला. कप्तान बघत होते, मिस्त्री बघत होता. न मिटणाऱ्या दरवाज्याशी भाऊ डबा पोटाशी धरून उभा होता, आणि ती वळणाआड गेल्यावरही तो तिकडेच बघत होता.