पाड्यावरच्या बायकांचे रिपोर्ट

मंडळी, आज कॉलेजमध्ये आमच्या संशोधनाच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं आणि मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

मी नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही पेठजवळच्या एका पाड्यावर रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी बायकांच्या रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. कोणी तयार होईना. तिथल्या आशा कार्यकर्त्या हिराबाईंनी घरोघरी जाऊन एकेकीला समजावून आणलं. आमच्या गाईड मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आठ दिवसांत प्रत्येकीचा रिपोर्ट घरी येईल."

आज बक्षीस घेऊन त्या स्टेजवरून उतरल्यावर मी विचारलं, "मॅडम, ते रिपोर्ट कधी पाठवायचे?"

"अगं, नावं केव्हाच काढून टाकली. आता कुठला आकडा कोणाचा, ते कळणारच नाही. आपला अभ्यास झाला ना?"

ज्या मॅडमकडे बघून मी त्यांच्याच विषयात पुढे शिकायचं ठरवलं होतं, त्या हे हसत हसत बोलल्या.

दुपारी हिराबाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, बाया तुमच्याकडं बघून नाय आल्या. माझ्याकडं बघून आल्या. त्यात दोघी गरोदर हायेत."

रविवारी मी दोन मैत्रिणींना घेऊन पुन्हा तपासणीला जाणार आहे. हिराबाई 'नका येऊ' म्हणाल्या नाहीत, 'या' असंही म्हणाल्या नाहीत.

खरं सांगा, तुम्ही त्या पाड्यावर राहत असता, तर मला दारात उभं केलं असतं का?