माझी तांबडी आपांच्या खुराड्यात

मंडळी, आज सकाळी मी शेजारणीशी भांडायला गेले होते. खोटं कशाला बोलू, जळत होते मी.

लातूरला आमच्या परसात चार गावरान कोंबड्या आहेत. भिंतीपलीकडे रेहाना आपांच्या सहा. त्यांच्याकडे रोज चार-पाच अंडी, माझ्याकडे कधी एखादं. माझ्या वरच्या खोलीत राहून नीट परीक्षेची तयारी करणारी ऋतुजासुद्धा त्यांच्याकडूनच अंडी आणते. भाडेकरू माझी, आणि दिवसभर "आपा, आपा"!

त्यात माझी तांबडी कोंबडी आठ दिवसांपासून गायब. मांजरानं नेली म्हणून मी रडलेसुद्धा. आज भिंतीवरून सहज डोकावले, तर ती आपांच्या खुराड्यात!

मी तशीच तरातरा गेले. "आपा, माझी कोंबडी ठेवून घेऊन तिची अंडी विकताय का?"

"अगं, ती खुडूक हाय, उबवायला बसलीया, अंडी कुठली देती? हाकलली तरी परत येऊन बसती. शेवटी माझीच नऊ अंडी ठेवली तिच्याखाली. माझ्या एवढ्या कोंबड्या, पण उबवायला एक बी बसत न्हाई. तुझी तांबडी बघून मलाच लई हेवा वाटतो."

"मग सांगितलं का नाही?"

"दोनदा आले होते. तू मला बघून दार लावलंस."

खरं होतं ते. मी मान खाली घातली. पिल्लं निम्मी निम्मी वाटायचं ठरलं.

तरी घरी येताना मनात आलंच, माझं खुराडं सोडून ती तिकडंच का बसली? कोंबडीचा असा राग तुम्हाला कधी आलाय का हो?